दुसऱ्या गिअरचा खटका

क्लच प्लेटा बदलून मोटारसायकल घरी आणली, त्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सकाळी आर्णीतून बाहेर पडलो होतो. पहिला गिअर टाकला, गाडी सुटली, दुसरा टाकायला पाय दाबला आणि इंजिनात कोणीतरी हातोडी मारल्यासारखा आवाज झाला. खट्ट. तो नुसता कानाला ऐकू आला नाही, टाचेला लागला. मला वाटलं, पाय तिरपा पडला असेल. पुढच्या गतिरोधकावर गाडी हळू केली, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. पुन्हा तेच.

मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. खेड्यातली माणसं मला डॉक्टर म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला मी त्यांना दुरुस्त करायचो, आता सोडून दिलं. माझं निम्मं काम दवाखान्यात आणि निम्मं गाडीवर. कुठे गाय माजावर आली, कुठे म्हशीचा जार अडकला, कुठे लसीकरण. रोजचे तीस-चाळीस किलोमीटर होतात, आणि खेड्यातल्या रस्त्यांवर गिअर तर सारखेच बदलावे लागतात. त्यामुळे तो आवाज दिवसातून शंभर वेळा तरी ऐकायला लागत असे. आवाज सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंत माझी अशी अवस्था झाली की गिअर बदलायच्या आधीच दात आवळले जायचे.

गाडी दुरुस्त करणारे चाचा माझ्या ओळखीचे बारा वर्षांपासूनचे. आधीची गाडीही त्यांच्याच हाताखालून गेलेली. बस स्टँडच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान आहे. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, एकटेच काम करणारे. हात चालू असतो तोवर तोंडही चालू. मी नेहमी स्टुलावर बसून राहायचो, ते गाडी खोलायचे आणि प्रत्येक वस्तू उचलून दाखवायचे, जसं काही मला त्यातलं कळतं.

या वेळी मात्र मी बसलो नव्हतो. लसीकरणाची मोहीम होती, सरकारी जीप दारात उभी होती, म्हणून मी गाडी त्यांच्याकडे सोडून निघून गेलो. संध्याकाळी आलो तर गाडी तयार. जुन्या प्लेटा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलला अडकवल्या होत्या. मी ती पिशवी उघडूनही पाहिली नाही, रस्त्यातल्या कचराकुंडीत टाकून दिली.

आवाजाबद्दल मी पहिल्यांदा बोललो ते आमच्या दवाखान्यातल्या परिचराजवळ. तो निवृत्तीला आलेला माणूस. त्याचा कोणावरच विश्वास नाही. औषधांचं खोकं आलं की सीलबंद असलं तरी तो ते कानाशी हलवून बघतो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"साहेब, इंजिन तुमच्यासमोर खोललं का?"

"नाही. मी टूरवर होतो."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि सिरिंज उकळायला ठेवल्या.

मी त्याला विचारलं, म्हणजे काय झालं? तेव्हा तो म्हणाला, "आमच्या साडूच्या गाडीचं असंच झालं होतं. आतली चांगली गरारी काढून घेतली अन् दुसऱ्या गाडीची घासलेली टाकून देल्ली. बाहेरून कोणाले काय समजते? इंजिनाले काय काच हाये?"

गरारी म्हणजे गिअरचं दातेरी चाक, आणि इंजिनाला काच नाही, हे मलाही माहीत होतं. पण त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून निघालं नाही.

मी चाचांकडे गेलो. आरोप वगैरे केला नाही. आवाज येतो, एवढंच सांगितलं. त्यांनी लगेच हातातलं काम ठेवलं, हात पुसले आणि गाडी घेऊन पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आले. मी दुकानासमोर उभा राहून कान देऊन ऐकत होतो. जाताना पहिला, दुसरा, तिसरा. काही नाही. येतानाही काही नाही.

"मक्खन हाये डॉक्टरसाहेब," उतरता उतरता ते म्हणाले. "मले तं काईच आवाज नाई आला."

मी गाडीवर बसलो, पहिला टाकला, पन्नास पावलं गेलो, दुसरा टाकला. खट्ट.

मागे वळून पाहिलं तर चाचा दुसऱ्याच गाडीपाशी वाकले होते. त्यांनी ऐकलं नाही की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे मला ठरवता येईना. घरी येईपर्यंत ठरवून टाकलं. त्यांना आवाज कुठून येतो ते माहीत आहे, म्हणूनच तो टाळून कशी चालवायची तेही माहीत आहे.

आठवड्यानं पुन्हा गेलो. त्यांनी क्लचची केबल आवळली, ऑइल बदललं, चेन ताणली. पुन्हा पंपापर्यंत जाऊन आले. पुन्हा मक्खन. आणि माझ्या पायाखाली पुन्हा खट्ट. त्या वेळी मी त्यांना म्हणालो, "चाचा, तुम्ही चालवता तेव्हा काय करता?"

"काय करन साहेब? चालवतो."

ते हसले. साधंच हसले असतील. मला त्या हसण्यात काहीतरी दिसलं.

त्या संध्याकाळी मी एक गोष्ट केली, ती सांगायला आजही लाज वाटते. बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली घेतली, गाडीपाशी बसलो आणि इंजिनाच्या क्लचकडच्या झाकणाच्या प्रत्येक बोल्टावर एक एक ठिपका दिला, अर्धा बोल्टावर आणि अर्धा झाकणावर, म्हणजे कोणी बोल्ट फिरवला तर ठिपका तुटेल. आता माझ्या माघारी कोणी इंजिन खोललं तर मला कळणार होतं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय करून राह्यले तुमी?"

"निशाणी करतो."

"कायची?"

मी पुढचा ठिपका दिला. ती बाटली हातात घेऊन, किती उरलं ते उजेडात पाहून आत गेली. तिच्या पाठीमागे मी मनात म्हणालो, हिला चाचांचा पुळका आहे. चाचांच्या घरून ईदला शिरखुर्मा येतो आणि ही तो डबा धुऊन, त्यात दिवाळीचं काही भरून परत पाठवते. संशयाला एकदा पाय फुटले की तो कुठेही हिंडतो. तिच्यावर संशय घेण्यासारखं काहीही नव्हतं, तरी त्या दिवसात मी चहाचा कप हातातून निसटला की तिलाच बोलायचो. भांड्यांना साबण राहतो, कपाचे कान तेलकट असतात. ती कप पुन्हा धुवायची.

परिचर दुपारी जेवायला घरी जाताना कधीकधी माझी गाडी मागून नेतो. एक दिवस मी त्याला मुद्दाम दिली आणि परत आल्यावर विचारलं, "आवाज आला?"

"नाई आला साहेब."

"दुसऱ्या गिअरला?"

"नाई ना."

ज्या माणसानं माझ्या डोक्यात गरारी घातली, तोच आता आवाज नाही म्हणतो? दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन निघाला तेव्हा मी हात धुण्याच्या निमित्तानं बाहेरच्या नळापाशी गेलो आणि नळ बंद ठेवून ऐकत उभा राहिलो. फाटकातून बाहेर पडला, पहिला, दुसरा, तिसरा, वळून गेला. खरंच आवाज नव्हता. तेव्हा मला वाटलं, हाही सामील आहे. कशात सामील, कोणाबरोबर सामील, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण गाडीच्या किलोमीटरचा आकडा मी त्या दिवसापासून डायरीच्या मागच्या पानावर लिहायला लागलो.

दिग्रसला कामानिमित्त गेलो तेव्हा तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. स्वच्छ दुकान, भिंतीवर पाने ओळीनं टांगलेले. तिथल्या मेकॅनिकनं गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "आवाज तं काई नाई. जुन्या गाडीत असते थोडंफार." मग त्यानं विचारलं, "इंजिन कोणी खोललं होतं?"

मी सांगितलं.

त्यानं "च्च" केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

एवढंच. त्यानं चाचांविरुद्ध एक शब्द काढला नाही. पण मी त्या एका "च्च"वर परत येईपर्यंत सगळा खटला उभा केला. आर्णीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे ओळखीची सात-आठ माणसं होती. कोणीतरी सहज विचारलं, "डॉक्टर, गाडी कशी काय चालून राह्यली?" आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चाचानं माझ्या गाडीची गरारी बदलली. चांगली काढून घेतली."

बोललो आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. कोणी म्हणालं, "काय सांगता!" कोणी म्हणालं, "मले पहिलेच डाऊट होता." चहा संपेपर्यंत दोघा-तिघांना आपापल्या गाड्यांचे जुने आवाज आठवले होते. मी निघालो. दुसरा टाकला. खट्ट. त्या दिवशी तो आवाज मला जवळजवळ आवडला. माझा साक्षीदार होता तो.

तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, पण बोलणं तोडकं.

"डॉक्टरसाहेब, दुपारी गाडी घेऊन या. तुमच्यासमोर खोलतो."

मी नाही म्हणू शकलो नाही. दुकानात गेलो तर स्टूल मांडलेलं होतं. चाचांनी बसा म्हटलं नाही, हातानं दाखवलं. ऑइल काढलं. रॉकेलच्या फडक्यानं इंजिनावरची धूळ पुसायला लागले आणि मध्येच थांबले. फडक्याच्या टोकावर लाल रंग आला होता. त्यांनी चष्मा वर सरकवला, एक ठिपका पाहिला, दुसरा पाहिला, मग अंगठ्यानं सगळे मोजल्यासारखे चाचपले.

"हे काय हाये साहेब?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पाना लावला आणि पहिला ठिपका तोडला.

इंजिन खोलायला दीड तास लागला. एरवी त्या वेळात त्यांनी आपल्या मुलीच्या सासरच्या गोष्टी, पेट्रोलपंपावरचं भांडण, असं बरंच सांगितलं असतं. त्या दिवशी फक्त पान्याचा आवाज होता. एक एक गरारी काढून त्यांनी धुतली, जुन्या चादरीच्या तुकड्यावर ओळीनं मांडली. मग मागे सरकले.

"ओळखा साहेब. कोणती दुसऱ्या गाडीची हाये?"

मी वाकून पाहिलं. सगळ्या एकाच वयाच्या दिसत होत्या, एकाच रंगाच्या. दात कुठेही तुटलेले नव्हते. आणि तेव्हासुद्धा, त्या चादरीपुढे उभा असताना, माझ्या मनात आलं की ठिपके मी नंतर दिले. त्याआधी यांनी बदललेली गरारी परत बसवली नसेल कशावरून? दोनदा गाडी दाखवायला आणलीच होती की मी. खोलायला त्यांना वेळ मिळाला नव्हता, हे मलाच माहीत होतं. तरीही मनात आलं.

त्यांनी सगळं पुन्हा बसवलं. चार वाजून गेले होते. ऑइल भरलं, किक मारली, हात धुतले आणि म्हणाले, "चला. तुमी चालवा. मी मागं बसतो."

बारा वर्षांत ते माझ्या मागे कधी बसले नव्हते. आम्ही दिग्रसच्या रस्त्यानं निघालो. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना गाड्यांमधून उडालेला कापूस अडकलेला होता. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला. मी पहिला टाकला, दुसरा टाकला.

खट्ट.

"ऐकलं?" मी जवळजवळ ओरडलो. "ऐकलं का चाचा? आता सांगा!"

"ऐकलं," ते म्हणाले. "पुन्हा टाका."

मी हळू करून पुन्हा टाकला. पुन्हा खट्ट. मला विजय झाल्यासारखं वाटत होतं. पण चाचा गाडीकडे बघतच नव्हते. माझ्या डाव्या खांद्यावरून पुढे वाकून ते हँडलकडे पाहत होते.

"अजून एक डाव."

खट्ट.

"थांबवा. बाजूले घ्या."

गाडी बाभळीखाली उभी केली. ते उतरून माझ्या डाव्या बाजूला आले.

"क्लच दाबा."

मी दाबला.

"पूर्ण दाबा."

"पूर्णच आहे."

त्यांनी आपलं बोट क्लचचा लिव्हर आणि हँडलची मूठ यांच्यामध्ये घातलं. मग दुसरं बोट त्याच्या शेजारी घातलं.

"दोन बोटं जाऊन राह्यले साहेब. पूर्ण कुठी?"

मला राग आला. मी सगळा जोर लावला. हातापासून खांद्यापर्यंत जोर लावल्याचं मला कळत होतं, पण लिव्हर जागेवरच. त्यांची दोन बोटं मध्ये आरामात होती.

"केबल टाइट केली तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि नुसत्या दोन बोटांनी लिव्हर मुठीला टेकवला. सोडला. पुन्हा टेकवला. मग म्हणाले, "हात पुढे करा. डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा तं."

मी डोळे मिटले, पण मनातून सावध होतो. रस्त्यावर उभं करून हा माणूस माझी फजिती करतो आहे, असं वाटत होतं. डाव्या हाताच्या बोटांवर त्यांनी काहीतरी ठेवलं.

"चिमटीत धरा. काय हाये?"

मी अंगठा आणि बोटांनी ते फिरवलं. चपटं वाटलं. "वायसर," मी ठामपणे म्हणालो.

"बरं. आता हे?"

मी वाट पाहिली. काहीच झालं नाही. "ठेवा ना," मी म्हणालो.

"ठेवलं साहेब."

मी डोळे उघडले. माझ्या तीन बोटांवर चिमूटभर कापूस होता. बाभळीवरून त्यांनी तो काढला होता. आणि त्यांच्या दुसऱ्या हातात, आधी मी ज्याला वायसर म्हणालो होतो, तो चांगला जाडजूड सहा कोनांचा नट होता. मी डोळे न मिटताच तो कापूस उजव्या हाताच्या बोटांवर घेतला. त्याचा एक एक तंतू टोचल्यासारखा कळत होता.

"गाडीले काई झालं नाई," चाचा म्हणाले. "क्लच अर्धाच दबते, तुमाले वाटते पूर्ण दाबला. जुन्या घासलेल्या प्लेटा अर्ध्यातच सुटत होत्या, नव्यायले पूर्ण दाबा लागते. मंग गरारी ठोकर खाईनच ना. माह्या वडलाले असंच झालतं. लोहारकाम करत. हातोडा हातातून सुटाचा त्यायच्या. हात दाखवा कोणाले तरी."

परत येताना गाडी त्यांनी चालवली. मी मागे बसलो. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंही नाही.

इतकं सगळं डोळ्यांनी पाहूनही मी दोन दिवस घरी कोणाला काही सांगितलं नाही. कारण तोपर्यंत मी नवा संशय तयार केला होता. माणूस पकडला गेला की दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. यांनी माझ्या गाडीतला दोष माझ्या हातावर ढकलला. हाताला मुंग्या तर येतातच, पहाटे उठलं की हात झटकावा लागतो, पण तो झोपेत अंगाखाली येतो म्हणून. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी बायकोपुढे तोंडून निघून गेलं. "चाचा म्हणतात, माझ्या हाताला काहीतरी झालं आहे. काहीही बोलतात."

ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"या महिन्यात तुमी तीन कप फोडले," ती म्हणाली. "शर्टाच्या बाहीचं बटन मी लावून देऊन राह्यली, तुमच्या ध्यानात तरी आलं का? पहिले तुमी लावत होते. मी काई म्हणलं नाई, तुमी माह्यावरच चिडता म्हणून."

तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. गेले दोन महिने मी या बाईला भांडी नीट धुता येत नाहीत म्हणत होतो.

यवतमाळला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी हाताला करंट देऊन तपासणी केली. बोटं आपोआप उडत होती. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. गाईला कृत्रिम रेतन करताना लांब हातमोजा घालून डावा हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो, आतून गर्भाशय धरावं लागतं, आणि उजव्या हातानं नळी सोडावी लागते. गाय आवळते, कुंथते, मनगट त्यात पिरगळलं जातं. दिवसाला कधी दोन, कधी सहा. वीस वर्षं. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. एवढ्या वर्षांत मी किती जनावरांच्या पायांच्या, मानेच्या, कासेच्या तक्रारी पाहिल्या, पण आपल्या हाताला काही होऊ शकतं हे सुचलं नव्हतं.

मनगटातून जाणारी नस दबली होती. छोटं ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. मी बाहेर आलो आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, हा पहिला उगीच कापायला निघाला असेल म्हणून. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. बायको बाकावर बसून होती. ती म्हणाली, "अजून तिसऱ्याले दाखवाचं का?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती, आणि तेच मला जास्त लागलं.

ऑपरेशन झालं. महिनाभर गाडीला हात लावायचा नव्हता. परिचर मला माझ्याच गाडीवर बसवून गावोगाव न्यायचा. एका तांड्यावर गाय धरायला आलेल्या म्हातारीनं माझ्या मनगटाची पट्टी पाहून विचारलं, "काय झालं रं डॉक्टर, गायीनं लाथ मारली का?" परिचरानं माझ्याआधीच उत्तर दिलं, "गायीचं काई नाई माय, जुनी इजा हाये." रेतनाचं काम तेवढे दिवस शेजारच्या तालुक्यातून एकजण येऊन करत होता. मी फक्त औषधं सांगायचो.

हात मोकळा झाल्यावर मी चाचांकडे गेलो. मुद्दाम सकाळी, दुकानात कोणी नसताना.

"चाचा, चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

त्यांनी माझा हात घेतला, उलटा-सुलटा करून मनगटावरची टाक्याची रेघ पाहिली. "आता कापूस समजते?"

"अंगठ्याला समजतो. मधल्या बोटाला अजून थोडा कमी."

"येईन."

मग त्यांनी पाना घेतला, क्लचचा लिव्हर मुठीच्या जरा जवळ आणून बसवला, म्हणजे माझ्या बोटांना कमी जोर लागावा. झाल्यावर उभे राहिले.

"एक गोष्ट सांगू साहेब? तुमी मले चोर म्हणलं त्याचं वाईट वाटलं. पण म्हणलं तं मले म्हणाचं होतं. तुमी टपरीवर म्हणलं. आता मी लोकायले काय दाखवू? कोणाकोणापुढे इंजिन खोलू?"

मी विचारलं, कोणी काही बोललं का? तेव्हा कळलं. टपरीवरच्या त्या सात-आठ जणांपैकी एका शेतकऱ्यानं त्यानंतर आपली गाडी चाचांकडे आणणं बंद करून ती दिग्रसला न्यायला सुरुवात केली होती. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. रस्त्यात दिसला तरी मान वळवून जायचा.

त्याच दिवशी मी टपरीवर गेलो. आधीच्या वेळच्या माणसांपैकी चारजण होते. मी उभा राहूनच सांगितलं की चाचांनी माझ्या गाडीची काहीही गडबड केली नव्हती, दोष माझ्या हातात होता, ही पाहा ऑपरेशनची खूण. सगळ्यांनी मनगट पाहिलं. एकानं दुखते का विचारलं. दुसरा चहा ढवळत म्हणाला, "मिटवलं वाटते चाचानं."

"मिटवायचं काही नव्हतंच," मी म्हणालो.

"हाव, हाव," तो म्हणाला.

मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं. लिव्हर, दोन बोटं, कापूस. जितकं जास्त सांगितलं तितकं त्याच्या चेहऱ्यावरचं हसू रुंद होत गेलं. खोटं सांगणारा माणूसच इतकं बारीक सांगतो, असं त्याला वाटत असणार. मला ते हसू ओळखीचं होतं. चाचा पंपावरून गाडी फिरवून यायचे आणि मक्खन म्हणायचे, तेव्हा मीही मनात असाच हसत होतो.

मग मी त्या शेतकऱ्याच्या गावी गेलो. त्याची म्हैस व्यायला आली होती, ते निमित्त झालं. म्हैस पाहून झाल्यावर त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. मी विषय काढला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या अंगणात त्याची मोटारसायकल उभी होती.

"तुमी म्हणता तं असन डॉक्टर," तो म्हणाला. "पण माह्या गाडीचाबी आवाज येत होता."

"कसला?"

"तुम्ही त्या दिवशी सांगतलं, तसाच. मी पहिले ध्यान नव्हतं देल्लं. तुमी सांगतलं तवापासून ऐकू येते."

मी म्हणालो, चल, मी चालवून पाहतो. त्यानं किल्ली दिली. मी गावाच्या वेशीपर्यंत जाऊन आलो. डाव्या हाताची बोटं लिव्हरवर नीट बसत होती. पहिला, दुसरा, तिसरा. गाडी चांगली होती, आवाज कसलाच नव्हता.

"काही नाही," मी उतरून म्हणालो. "एकदम चांगली आहे."

त्यानं किल्ली परत घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास बसलेला नव्हता. मी गाडी कशी चालवून आवाज लपवला, याचाच तो विचार करत असावा.

तो गाडी अजून दिग्रसलाच नेतो.